वस्तीवर पिल्लू आणताना

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस विकास अधिकाऱ्याने कुत्र्याच्या पिल्लावर लिहावे, हे काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. माती परीक्षण, बेणे बदल, खोडव्याची निगा हे आमचे नेहमीचे विषय. पण नोंदी आणि तोडणीच्या निमित्ताने आम्ही वर्षभर वस्त्यावस्त्यांवर फिरतो, आणि कुठल्याही वस्तीवर पहिला सामोरा येतो तो कुत्रा, मालक मागून. उसात शिरलेली डुकरे, रात्री मोटारीची केबल कापायला आलेला माणूस, गोठ्याकडे सरकणारे लांबडे जनावर, ह्या सगळ्यांची पहिली वर्दी तोच देतो. असा राखणदार तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. पण पुष्कळ वस्त्यांवर पिल्लू तेवढे जगतच नाही. "साहेब, गेल्या साली आणलेलं गेलं, औंदा दुसरं आणलंय," असे सांगतात, आणि वर म्हणतात, "आमच्या वस्तीला कुत्रं लाभत नाही."

हे 'लाभत नाही' मला पटत नाही. एका सभासदांच्या वस्तीवर तीन वर्षांत तीन पिल्ले गेली. देवाला नारळ फोडून झाला, गोठ्याचे दार दुसऱ्या अंगाला करून झाले. थोरल्या सूनबाईंशी बोलत बसलो, तर त्यांना सगळे बारीकसारीक आठवत होते. पहिले ट्रॉलीखाली गेले. दुसऱ्याने सकाळी घराच्या मागच्या बाजूला काहीतरी खाल्ले आणि दुपारपर्यंत तोंडाला फेस येऊन गेले. तिसऱ्याला रक्ताची हगवण लागली. तिन्हींची कारणे वेगळी, आणि तिन्ही कारणे पिल्लू येण्याच्या आधीपासून वस्तीवर हजर होती. त्यात नशिबाचा भाग मला तरी दिसला नाही.

आता वेळेचा मेळ पाहा. गावठी कुत्रीचा माज पुष्कळ करून भाद्रपदात. तिथून दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या सुमारास, पिल्ले होतात. दूध तुटून ती नेण्याजोगी होतात तोवर पौष उजाडतो. म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात, रस्त्याला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ, आणि एकीकडे सुरू लागणीची गडबड. त्यातच ऊस तुटला की त्यातले उंदीर उघड्यावर पडून वस्तीकडे धावतात. उंदरांमागे साप येतात. उंदीर दिसले की आपण विष घालतो. जे जे पिल्लाच्या जिवावर उठणारे, ते सर्व ह्या दोन-तीन महिन्यांत वस्तीभोवती गोळा होते, आणि नेमके तेव्हाच आपण पिशवीत घालून पिल्लू आणतो. म्हणून तयारी आधी, पिल्लू नंतर.

तयारी करायला खर्च फारसा नाही. अंगणात उकिडवे बसा आणि पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून वीतभरावरून, वस्ती बघा. उभ्याने जे दिसत नाही ते तिथून दिसते. पंपाची गळकी टाकी, कणगीखालची पुडी, लोंबणारी वायर, विहिरीचा ढासळलेला कठडा, सगळे. घरात रांगते मूल असेल तर हीच पाहणी त्याच्याही कामाची आहे, कारण त्याच्या हाताला लागते तेच पिल्लाच्या तोंडाला लागते.

औषधांचे कोनाडे

सर्वांत जास्त पिल्ले जातात ती माझ्या पाहण्यात तरी विषाने. त्यातही उंदराच्या विषाने. झिंक फॉस्फाईडची काळपट पूड आपण ज्वारीच्या भरड्यात तेल घालून कालवतो, कोणी वर गूळही घालतो. उंदराला जे चविष्ट लागते ते पिल्लाला का लागू नये? पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तोच जीव घेतो. त्याच्यावर उतारा औषध नाही. दुसरा प्रकार म्हणजे ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. ह्या अधिक फसव्या. पिल्लू आज वडी खाते, उद्या-परवा ठणठणीत दिसते, आणि तीन-चार दिवसांनी मलूल होऊन हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागते. मालकाला वडीची आठवणही राहिलेली नसते. ह्याला मात्र उतारा आहे, व्हिटॅमिन के-वन. डॉक्टरांना वेळेवर सांगितले तर पिल्लू वाचते.

उंदीर मारू नका असे आम्ही कसे म्हणणार? पण विष ठेवायची जागा रानातली बिळे. आदल्या दिवशी बांधावरची सगळी बिळे बुजवा, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच खोलवर आमिष घालून तोंड मातीने बंद करा. मेलेले उंदीर वेचून खोल पुरा, कारण पिल्लू तेही ओढत आणते. घरात आणि गोठ्यात विष नकोच, पिंजरा लावा. धान्यातल्या किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणून ठेवण्याची जुनी खोड अजून काही ठिकाणी दिसते. ती तर माणसांच्याही जिवावर उठणारी आहे.

आता दाणेदार औषधांविषयी. हुमणीसाठी आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे फोरेट, म्हणजे आपले थिमेट, वापरले. ३१ डिसेंबर २०२० पासून ते देशात बंद आहे. तरीसुद्धा माळ्यावर, मोटारीच्या खोलीत अर्धी उरलेली पिशवी नाही अशी वस्ती शोधावी लागेल. चिमटीत मावतील एवढे दाणे पिल्लाला पुरे होतात. लाळ गळते, डोळ्यांना पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग थरथरते. असले उरलेले औषध 'संपवायचे' म्हणून रानात फेकू नका आणि ओढ्यात तर मुळीच नको. कृषी खात्याच्या माणसाला किंवा आमच्या गट कार्यालयात येऊन सांगा. हुमणीला आता मेटारायझियम बुरशी आहे, आणि वळवाच्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावरचे भुंगेरे रात्री झाडून मारणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

बेणे प्रक्रियेचे तेवढे बोलतो, कारण ती करा म्हणून आम्हीच मागे लागतो. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि त्यासोबत मॅलॅथिऑन किंवा डायमेथोएट घालून टिपऱ्या बुडवायच्या, इथपर्यंत सर्व जण नीट करतात. संध्याकाळी लागण संपली की टीप तशीच बांधावर राहते. रात्री तहानलेले पिल्लू, वासरू, शेळी, जे कोणी येईल ते त्यात तोंड घालते. उरलेले पाणी त्याच दिवशी विहिरीपासून लांब, पडीक जागेत खड्डा काढून ओता. टीप धुऊन पालथी घाला, आणि त्या टिपेत पुन्हा जनावराला पाणी पाजू नका. रिकामे डबे फोडून खोल पुरा. डब्याचे झाकण कापून त्याची कुत्र्याची थाळी केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

गोचीड हा शेवटचा मुद्दा. बैलाच्या अंगावर लावायचे गोचिडाचे औषध त्याच प्रमाणात पिल्लावर ओततात. पिल्लू अंग चाटते, आणि औषध पोटात जाते. जळके ऑईल, रॉकेल, तंबाखूचे पाणी हे उपाय तर त्याहून वाईट. लहान पिल्लाचे गोचीड हाताने किंवा चिमट्याने काढावेत, औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून वजनाप्रमाणे.

विहीर, हौद, शेततळे

विहिरीला कठडा बांधा हे सांगून सांगून आमची तोंडे दुखली. पिल्लासाठी तरी बांधा. हौदात उतरता दगड किंवा फळी ठेवली की पडलेले पिल्लू चढून येते. गोबरगॅसच्या मळीच्या खड्ड्यावर साय धरते, पिल्लाला ती जमीनच वाटते. त्यावर काट्याकुट्याचे का होईना, कुंपण हवे.

खरी भीती शेततळ्याची. प्लॅस्टिकचा कागद घातलेले तळे म्हणजे चारी बाजूंनी घसरगुंडी. कुत्र्याला पोहता येते, पण ओल्या, शेवाळ धरलेल्या कागदावर नख लागत नाही. तासभर कडेकडेने पोहून दमते आणि बुडते. माणसाचेही तेच होते. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि एकाला काढायला दुसरा उतरतो तेव्हा दोघेही जातात. कुंपण तर हवेच. शिवाय चारी बाजूंना जाड दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडा, दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारा. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावरून पाण्यापर्यंत सोडले तर जनावरालाही पाय रोवायला आधार होतो. दोर आणि टायर बहुतेक घरी पडलेलेच असतात.

हंगामातली वाहने आणि वीज

पौषातल्या थंडीत पिल्लाला ऊब कुठे मिळते? नुकत्या थांबलेल्या ट्रॅक्टरखाली, मागच्या चाकाला टेकून. पहाटे ड्रायव्हर येतो, चावी मारतो. ह्यात त्याचा दोष काय धरणार? ट्रॉली भरण्याच्या दिवसांत पिल्लू बांधून किंवा डालग्याखाली ठेवा, आणि वाहन सुरू करण्याआधी चाकाखाली बघण्याची सवय घरातल्या मुलांसह सर्वांना लावा. पिल्लाला ऊबदार जागा आधीच दिली, म्हणजे कोरड्या पाचटावर पोते टाकून आडोसा केला, तर ते चाकाकडे जातच नाही. (पाचट न जाळण्याचा हा आणखी एक फायदा समजा.)

दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचे होईस्तोवर, पिल्लू दिसेल ते चावणार. चपला चावल्या तर चपलांचेच नुकसान. पण स्टार्टरपासून विहिरीकडे गेलेली केबल जमिनीवरून असेल तर ती पाईपात घाला किंवा वर घ्या. जुने सांधे चिकटपट्टीवर सोडू नका. आणि डुकरांसाठी कुंपणात लाईन सोडणे हा गुन्हा आहे. त्यात आपलेच कुत्रे, शेजाऱ्याची म्हैस आणि पाणी द्यायला गेलेली माणसे मेली आहेत.

साप आणि बिबट्या

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही उंदराच्या आणि आडोशाच्या मागे येतात. पिल्लू नाकाने विचारपूस करते, त्यामुळे दंश बहुधा तोंडालाच. एकाएकी तोंड सुजले, लाळ गळू लागली, मागचे पाय लुळे पडले, तर कापाकापी, आवळाबांधी न करता दवाखाना गाठा. माणसांचे प्रतिविषच जनावरालाही चालते. घराला लागून रचलेला सरपण-गोवऱ्यांचा ढीग हातभर उंच फळ्यांवर घेतला तर सापाचा आडोसा मोडतो.

बिबट्या आता जुन्नर-आंबेगावपुरता राहिलेला नाही. कराड-शिराळ्याकडच्या उसातही तो आहे. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे रात्री अंगणात साखळीला बांधलेले पिल्लू हे राखणदार नव्हे, आमिष आहे. त्याला पळताही येत नाही. आणि त्याच्या मागावर आलेला बिबट्या दारापर्यंत येतो, जिथे उन्हाळ्यात आपली माणसे झोपलेली असतात. निदान वर्षाचे होईपर्यंत पिल्लू रात्री बंदिस्त जागेत, जाळी आणि कडी असलेल्या खोलीत किंवा गोठ्यातच हवे.

खाणे-पिणे

ह्यावर फार लिहीत नाही. भाकरी-दूध, भात, उकडलेले अंडे, आमटीचे पाणी (कांदा-लसूण नसलेले) चालते. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, कच्चा असो वा शिजलेला. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला बाधतात, हे आपल्या द्राक्षबागायतदार सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. बेदाण्याच्या शेडवर पिल्लू मोकळे सोडू नये. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती नकोत. महिन्याच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू कितीही चांगले खाऊ घातले तरी रोडावते. दोन महिन्यांचे होऊ द्या, मगच आणा.

लस

इथे म्हाताऱ्या मंडळींचा एक सवाल नेहमी येतो. "आमच्या वेळी कुत्र्याला कुठली आली लस? ती काय जगली नाहीत?" सवाल रास्त आहे. पण ज्या रक्ताच्या हगवणीने आज पिल्ले पटापट जातात, तो पार्व्हो रोग १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि वर्ष-दोन वर्षांत जगभर पसरला. तुमच्या लहानपणी तो नव्हताच. त्याचा विषाणू सावलीच्या, ओलसर जमिनीत महिनोन् महिने टिकतो. त्या तीन पिल्लांच्या वस्तीवरचे तिसरे पिल्लू शेजारच्या वस्तीवरून आणले होते, आणि तिथेही आदल्या साली दोन पिल्ले हगवणीने गेली होती. अशा जागी लस न टोचता पिल्लू आणणे म्हणजे रोगट बेण्याच्या रानात पुन्हा तेच बेणे लावणे. फिनेलने हा विषाणू मरत नाही. जागा धुऊन ब्लीचिंग पावडरचे पाणी मारा, जुनी पोती जाळून टाका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत पुढच्या मात्रा. एकच टोचून थांबू नका. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी. हे जंत अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्याही पोटात जातात.

आणि पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची लस. तिसरा महिना पुरा झाला की पहिली, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दर वर्षी. "एवढंसं पिल्लू, ते काय पिसाळतंय!" असे समजू नका. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले पिल्लूही पिसाळते, आणि पोरे त्याच्याच तोंडात हात घालून खेळतात. दात लागला, नख ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि सांगितलेल्या सर्व तारखांना लस पुरी करा. १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला ही लस टोचून वाचवले, तेव्हापासून हा रोग टाळता येतो. पण लक्षणे दिसू लागल्यावर आजही त्याच्यावर इलाज नाही. तोडणीच्या टोळ्यांबरोबर त्यांची कुत्रीही येतात, आणि त्यांच्या कोप्यांवरची पोरे तर पिल्लांतच लोळत असतात. लस टोचायला डॉक्टर वस्तीवर येणार असतील तर त्या मंडळींनाही निरोप द्या.

विषबाधा झालीच तर

घरात धावपळ होते आणि जो तो काहीतरी पाजतो. तूप, ताक, मिठाचे पाणी, साबणाचे पाणी. थरथरणाऱ्या पिल्लाच्या घशात बळेच ओतलेले श्वासनळीत जाते आणि वाचणारेही दगावते. झिंक फॉस्फाईड असेल तर दूध-भाकरी मुळीच देऊ नका. खाण्याने पोटातले आम्ल वाढते आणि वायू जास्त सुटतो. त्या पिल्लाने गाडीत ओकारी केली तर काचा खाली घ्या, तो वायू माणसालाही बाधतो. औषधाची पुडी, डबा, निदान त्याची चिठ्ठी बरोबर घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा वाटेतूनच १९६२ ह्या क्रमांकावर फोन लावा. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपीनचे इंजेक्शन मिळाले तर पुष्कळ वेळा जीव वाचतो, पण काय खाल्ले हे डॉक्टरांना कळले तरच. म्हणून वस्तीवर कोणते औषध कुठे ठेवले आहे हे एकट्या मालकाला माहीत असून भागत नाही. दिवसा घरी असतात त्या बायका-माणसांनाही ते माहीत हवे, आणि डबे कुलपात, छातीच्या वर. लसीच्या तारखा ऊस नोंदीच्या पावतीमागे लिहिल्यात तर आमचा स्लिप बॉय तोडणीची चिठ्ठी द्यायला येईल तेव्हा तुम्हांला आठवण करून देईल, तशी आम्ही त्याला सूचना दिली आहे.